सोलापुरात नवी गाडी घेतलीय? आधी ॲव्हरेज मोजायला शिका

नवी गाडी दारात आली की पेढे वाटून होतात, लिंबू-मिरची बांधून होते, सिद्धेश्वराला नारळ फुटतो. आणि महिनाभरानं चौकातला एखादा मित्र विचारतो, "काय बे, ॲव्हरेज किती देतीय?" आपण शोरूममध्ये ऐकलेला आकडा सांगून मोकळे होतो. बावीस, तेवीस, काहीतरी. तो मान हलवतो, आपणही हलवतो. खरं दोघांनाही माहीत नसतं.

तो आकडा खोटा नाही, पण आपला नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार, एसी बंद ठेवून पळवतात. तिथं बाळीवेशीतली गर्दी नसते आणि मे महिन्यातलं त्रेचाळीस अंशांचं ऊनही नसतं. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा ठीक. आपली गाडी किती पिते हे आपणच मोजायचं.

हे सगळं कशाला, तर पैसे वाचतात हे आहेच. पण दुसराही हिशोब आहे. एक लिटर पेट्रोलचं वजन जेमतेम पाऊण किलो, आणि ते जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो निघतो, कारण पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो. डिझेलचा आकडा २.७ किलोच्या आसपास. महिन्याला ८०० किलोमीटर गाडी फिरते असं धरा. पंधराचं ॲव्हरेज अठरावर नेलं तर वर्षाला १०७ लिटर वाचतात. म्हणजे लिटरला शंभरच्या पुढच्या भावानं दहा हजारांवर रुपये, आणि जवळजवळ अडीचशे किलो कार्बन डायऑक्साइड. शिवाय तो धूर आपल्याच गल्लीत राहतो. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेच्या मानकात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरही आहे.

पहिला महिना काहीच बदलू नका, नुसतं मोजा

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. तो बहुतेक गाड्यांत थोडा गोड बोलतो. टाकी ते टाकी हीच खरी पद्धत.

पंपावर जा, टाकी फुल करायला सांगा. नोझल स्वतःहून बंद झालं, म्हणजे ऑटो कट झाला, की बस. "साहेब, राउंड फिगर करू का?" असा प्रश्न येईल, त्याला नाही म्हणायचं. एक तर त्यामुळे मोजणी बिघडते. दुसरं म्हणजे टाकीतली वाफ धरून ठेवायला गाडीत कोळशाचा एक डबा असतो, गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल त्यात शिरलं की तो खराब होतो. मग ट्रिप मीटर शून्यावर आणा. निदान ३०० किलोमीटर नेहमीसारखे फिरा. परत त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलला, पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. समजा ३४२ किलोमीटर झाले आणि २२.८ लिटर बसलं. ३४२ भागिले २२.८, म्हणजे १५. हे तुमचं ॲव्हरेज.

गाडीच्या खणात एक छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, लिटर. चौथा रकाना मात्र बहुतेक लोक विसरतात: कुठं फिरलो. "गावात", "पंढरपूर", "एसी दिवसभर". हा रकाना नसला तर पुढचे आकडे वाचताच येत नाहीत. मी पहिल्या वेळी पाचशे रुपयांचं पेट्रोल टाकून काटा कुठं गेला ते बघत बसलो होतो. आलेलं उत्तर इतकं भारी होतं की मी ते दोन आठवडे लोकांना सांगत फिरलो.

सकाळी पेट्रोल घट्ट असतं म्हणून सकाळीच भरावं, असं सांगणारे भेटतील. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. वाटेत पंप लागेल तेव्हा भरा. फक्त पेट्रोलसाठी वेगळी फेरी मारू नका.

मग टायरची हवा

ही पायरी सोपी आणि स्वस्त आहे, म्हणून दुसरी. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे असतात, छोट्या गाडीला सहसा तीस पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) वरचे. तोच आकडा प्रमाण. टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तितकी हवा भरायची नसते.

सोलापुरात एक खास चूक होते. दुपारी तापलेल्या डांबरावर दहा किलोमीटर चालून आपण पंक्चरवाल्याकडे जातो. सकाळी ३२ असलेली हवा ३६ दाखवते. तो म्हणतो, "मालक, छत्तीस हाय, कमी करू का?" आणि आपण हो म्हणतो. दुसऱ्या दिवशी गार टायरमध्ये २८ उरते. हवा सकाळी, गाडी फारशी चाललेली नसताना तपासायची. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप घरी असला तर फारच बरं. पंधरा दिवसांतून एकदा, आणि लांब जायच्या आदल्या दिवशी. स्टेपनीही बघा, ती बिचारी वर्षभर कुणाला आठवत नाही.

नायट्रोजन भरावा का? साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या.

हवेनं ॲव्हरेज दोन-तीन टक्क्यांहून जास्त वाढत नाही, हेही सांगून ठेवतो. पण हवा कमी असलेलं टायर उन्हाळ्यात हायवेवर जास्त तापतं आणि फुटतं. पेट्रोल हा त्यातला लहान मुद्दा.

उजवा पाय

आता मुख्य गोष्ट. माझ्या वहीत सर्वात मोठी उडी इथं दिसली, आणि तिला एक रुपया लागला नाही.

टनभर वजनाची गाडी उभ्याची ताशी ५० किलोमीटरवर न्यायला जी ऊर्जा लागते, ती इंजिन पेट्रोलमधून काढतं. इंजिन पेट्रोलमधली साधारण पाव भागच ऊर्जा चाकांपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. हिशोब मांडला तर पन्नासपर्यंत पोचायलाच बारा मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. चहाचे दोन-अडीच चमचे. आणि पुढे गतिरोधक दिसला की आपण कचकन ब्रेक दाबतो, म्हणजे ते अडीच चमचे ब्रेकच्या चकत्या तापवण्यात गेले. पुन्हा रेस, पुन्हा अडीच चमचे. सात रस्त्यावरून जुळे सोलापूरला जाताना तुम्ही किती वेळा ब्रेक दाबता ते एकदा मोजा. मी मोजलं होतं. आकडा सांगत नाही, घरात अजून चेष्टा होते.

म्हणून शिकायचं ते हे, की ब्रेक दाबायची वेळच कमी यावी. त्यासाठी नजर पुढच्या गाडीच्या डिकीवर नको, तिच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांवर हवी. पुढं सिग्नल लाल दिसतोय? मग आत्ताच एक्सलेटरवरून पाय काढा. गाडी गिअरमध्येच राहू द्या. आपोआप हळू होत जाईल, आणि पुष्कळदा आपण पोचेपर्यंत हिरवा लागलेला असेल. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे, तोही त्याच सिग्नलला थांबणार आहे.

इथं एक जुनी समजूत मोडायला हवी. उतारावर किंवा सिग्नलच्या आधी गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं, असं आपले काका-मामा सांगत आले. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत पाय काढून गिअरमध्ये ठेवली की कॉम्प्युटर इंजिनाला पेट्रोल देणंच थांबवतो, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल केली की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलनं वाचत काही नाही, उलट जातं. आणि तुळजापूरचा घाट उतरताना न्यूट्रल करणं म्हणजे इंजिनचा ब्रेक हातानं सोडून देणं. ज्या गिअरात चढलात, साधारण त्याच गिअरात उतरा.

गिअर लवकर वर टाका. पेट्रोल गाडीत दोन ते अडीच हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दरम्यान पुढचा गिअर पडला पाहिजे. पंचवीस-तीसला तिसरा, चाळिशीला चौथा, पन्नाशीच्या पुढं पाचवा, असा अंदाज. पण गाडी धडधडायला लागली तर हट्ट न करता खालचा टाका. पाचव्यात ओढत नेल्यानं पेट्रोल वाचत नाही, इंजिन मात्र शिव्या देतं. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर ती पहिल्या आठवड्यातच सोडा. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून उभं राहणंही तसंच. हँडब्रेक असतो.

उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं. छोटं पेट्रोल इंजिन नुसतं चालू राहिलं तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं, एसी चालू असेल तर त्याहून जास्त. सिग्नलवर आकडा तीसच्या वर दिसला की मी इंजिन बंद करतो. नवी पेठेत बायको दुकानात गेलीय आणि नवरा एसी लावून गाडीत बसलाय, हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल, कदाचित आतून. "आलेच पाच मिनिटांत" या वाक्याची खरी लांबी सगळ्यांना ठाऊक आहे.

सकाळी गाडी गरम करायला पाच मिनिटं चालू ठेवणंही आता नको. आपल्या हवेत वीस-तीस सेकंद पुरेत. मग पहिला किलोमीटर हळू चालवा, इंजिन चालता चालता लवकर तापतं.

ऊन आणि एसी

एसी लावू नका असं सांगणारा लेख सोलापुरात कुणी वाचणार नाही, आणि वाचूही नये. मार्च ते जून इथं दुपारी बंद गाडीत बसणं म्हणजे भट्टीत बसणं. पण एसीला कामाला लावायची एक रीत आहे.

गाडी सावलीत लावा. कडुलिंबाखाली लावली तर पक्ष्यांची शिट पडेल, ते पुसता येतं. सावली नसेल तर पुढच्या काचेला आतून चकचकीत पडदा. परत आल्यावर लगेच एसी फुल करू नका, कारण आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. चारही काचा खाली करून पहिली दोनशे-तीनशे मीटर गाडी चालवा, ती हवा फुकटात बाहेर जाते. मग काचा वर, एसी चालू, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. आत गार झालेली हवाच पुन्हा गार करणं एसीला सोपं जातं. पंखा तीनवर, तापमान चोवीस-पंचवीस.

कडक उन्हात आणि छोट्या फेऱ्यांत एसी पाव भागापर्यंत जास्त पेट्रोल खाऊ शकतो. म्हणून गावात सकाळी किंवा संध्याकाळी जाताना काचा उघड्या ठेवा. हायवेवर, साठ-सत्तरच्या पुढं, उलटं. तिथं उघड्या काचांतून शिरणारा वारा गाडीला मागं ओढतो, त्यापेक्षा काचा बंद आणि एसी बरा.

हायवेवर ऐंशी

सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. वेळ किती वाचतो? नुसत्या गणितानं सदतीस मिनिटं, आणि प्रत्यक्षात सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस हे टोलनाके आणि भिगवणला मासे खायला थांबणं धरलं तर त्यातली निम्मी तरी विरघळतात. मी ऐंशी-पंच्याऐंशीवर चालवतो. टोलनाक्याची पाटी दिसली की पाय काढतो, गाडी घरंगळत रांगेपर्यंत जाते.

ऊसतोडीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, मागं दिवा नसलेले. रात्री तर तिथं वेग कमी ठेवण्याचं कारण पेट्रोलपेक्षा मोठं आहे.

टपावरचं आणि डिकीतलं

गाणगापूरला जाताना सामानासाठी टपावर कॅरिअर बसवलं होतं. पौर्णिमा झाली, सामान उतरलं, कॅरिअर सात महिने तसंच राहिलं. वहीत हायवेचा आकडा एकदम घसरलेला दिसत होता आणि मी पंपाला दोष देत होतो. रिकामं कॅरिअरही वारा अडवतं. काम झालं की काढा. डिकीतल्या पाण्याच्या कॅनचं, लग्नात आहेर द्यायला घेऊन ठेवलेल्या चादरींचं तसंच. साधारण पंचेचाळीस किलोला एक टक्का पेट्रोल, असा ढोबळ हिशोब आहे.

गॅरेजमध्ये काय म्हणायचं

ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात लिहिलेला असतो, तोच टाकायला सांगा. "आपल्याकडं ऊन जास्त, जाड ऑइल टाकू" असा सल्ला हमखास मिळतो. नवीन इंजिनं पातळ ऑइलसाठी बनवलेली असतात, जाड ऑइल ढवळण्यातच त्यांची ताकद जाते. डब्यावरचा आकडा स्वतः वाचा.

एअर फिल्टर आपल्या धुळीत लवकर भरतो, विशेषतः अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं किंवा खोदलेल्या रस्त्यांवरून रोज जाणं असेल तर. आजच्या गाडीत त्यानं ॲव्हरेज फार पडत नाही, पिकअप मरतो. मग आपण जास्त रेस करतो आणि पेट्रोल तसं जातं. सर्व्हिसिंगच्या वेळी फिल्टर काढून दाखवायला सांगा.

ब्रेक घासतोय का हे घरीच कळतं. सपाट मोकळ्या जागेत न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून बघा, एकट्यानं सहज हलली पाहिजे. स्टेअरिंग सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर चाकांची अलाइनमेंट तपासून घ्या. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर "चालतंय की" म्हणत महिना काढू नका. ऑक्सिजन सेन्सर गेलेला असेल तर गाडी भरमसाट पेट्रोल पिते आणि नळीतला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही हळूहळू खराब होतो. पीयूसी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ती चाचणी उभ्या गाडीच्या धुराची असते, ॲव्हरेजबद्दल काही सांगत नाही.

पेट्रोलच्या पाइपवर लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, सॉकेटला लावायची हिरवा दिवा लुकलुकवणारी डबी: यातलं काहीही घेऊ नका. गाडीच्या पुस्तकात मागितलेलं नसेल तर महागडं प्रीमियम पेट्रोलही नको.

इथेनॉलचं काय?

"पूर्वी जास्त देत होती, आता कमी देते," ही तक्रार हल्ली सगळीकडे ऐकू येते. २०२५ पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. प्रत्यक्ष फरक गाडीवर अवलंबून. त्यासाठीच बनवलेल्या नव्या इंजिनात कमी, जुन्यात जास्त. तेव्हा जुन्या वहीतले आकडे आजच्याशी ताडताना हे लक्षात ठेवा आणि उगीच मेकॅनिकशी भांडू नका.

यातलं काही इथेनॉल आपल्याकडच्या उसातून येतं, आणि ऊस वाढताना हवेतला कार्बन घेतो, म्हणून ते स्वच्छ मानलं जातं. मान्य. पण काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात बसून उसाला उजनी धरणाचं किती पाणी लागतं हेही विसरता येत नाही. या वादाचा निकाल मी लावणार नाही. टाकीत काहीही असो, कमी जाळलं की हवा आणि पाणी दोन्ही वाचतात.

गाडी दारातच

शेवटची पायरी करायला सोपी आणि पटायला अवघड. गार इंजिन पहिल्या दोन-तीन किलोमीटरला सर्वात जास्त पितं, आणि आपल्या गावातल्या बहुतेक फेऱ्या तेवढ्याच असतात. दूध, किराणा, पोराची शिकवणी. चार वेगवेगळ्या फेऱ्यांपेक्षा एकच गोल फेरी मारा: आधी लांबचं काम, मग येताना जवळची. किलोमीटरभरासाठी चाला किंवा सायकल काढा. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, तर गाडी नेऊच नका. होम मैदानाभोवती जागा शोधत फिरण्यातच तुमचं महिन्याचं ॲव्हरेज बुडतं. सिटी बसबद्दल लिहायची इच्छा होती, पण थांब्यावर वाट बघून आलेला माणूस माझा लेख फाडेल.

पुण्याला एकट्यानं जायचं असेल तर मी हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढतो, नाहीतर २०२३ पासून धावणारी वंदे भारत. अठराच्या ॲव्हरेजनं एका बाजूला चौदा लिटर लागतात, म्हणजे बत्तीस किलो कार्बन डायऑक्साइड, एका माणसासाठी. चौघं असू तर तोच आकडा माणशी आठवर येतो, तेव्हा गाडीच काढतो. कॅरिअर मात्र घरी ठेवून.